संघांची नावं आणि त्यामागच्या गोष्टी: चौथ्या पताकेवरचा पक्षी कोणता?

खुंटागाठ

नमस्कार मंडळी,

मी बोरिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवतो. जूनपासून शाळेचं स्काउट पथक माझ्याकडे आलंय. आधीचे सर निवृत्त झाले, जाताना कपाटाची किल्ली हातात देऊन गेले. कपाटात दोरखंड, लाठ्या, दोन जुने तंबू आणि चादरीत गुंडाळलेल्या चार पताका निघाल्या. लांडगा, कावळा आणि बैल लगेच ओळखू आले. चौथीवर एक पक्षी आहे. पाय लांब, आणि चोच कोयत्यासारखी खाली वाकलेली, अंगाच्या मानाने फारच मोठी. मुलं म्हणाली बगळा. एकजण पक्षी बघायला जातो, तो म्हणाला कुदळ्या असेल. सरांना फोन केला तर म्हणाले, "माझ्या आधीपासून आहे ती. आम्ही चोच्या संघ म्हणायचो."

बत्तीस मुलं आहेत, आठ-आठांचे चार संघ. जुन्या पताका आहेतच तर नावंही तीच ठेवू, असं ठरवून मी वाटणी केली. दुसऱ्या दिवशी कावळा संघातल्या एका मुलाची आजी शाळेत आली. भांडायला नव्हती आली, शांतपणे बोलल्या. "सर, याच्या आजोबांना जाऊन अजून वर्ष झालं नाही. आता पितृपक्ष आलाय. घरात आम्ही कावळ्याची वाट बघायची आणि पोराने खांद्यावर कावळ्याची पट्टी लावून फिरायचं, मला नाही बघवणार." मला उत्तर देता आलं नाही. ही नावं का ठेवतात हेच मला ठाऊक नव्हतं, तर आजींना काय सांगणार?

डिसेंबरात येऊरला शिबिर आहे. शेकोटीला प्रत्येक संघाने आपल्या नावाची गोष्ट सांगायची असं मुलांना कबूल केलंय. तेव्हा हीच चार नावं कुठून आली, त्यांच्यामागे काही दंतकथा आहेत का, आणि मुंबईच्या मुलांना सांगण्यासारखं त्यात काय आहे, हे जाणकारांनी सांगावं.

शिवाजीपार्क_६८

सर, चौथ्या पताकेचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. तो कर्ल्यू आहे. तुमच्या कपाटात स्काउटिंगचं पहिलं शिबिर जसंच्या तसं गुंडाळून ठेवलेलं आहे.

१ ऑगस्ट १९०७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदरात ब्राउनसी नावाचं छोटं बेट आहे. तिथे स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल साधारण वीस मुलं घेऊन आठवडाभर राहिले. काही मुलं बड्या घरच्या शाळांमधली, काही गावातल्या कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले: लांडगे, डोमकावळे, बैल आणि कर्ल्यू. खांद्यावर लोकरीच्या धाग्यांचा झुपका. लांडग्यांचा निळा, डोमकावळ्यांचा लाल, बैलांचा हिरवा, कर्ल्यूंचा पिवळा. सकाळी उठवायला आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं लांब पिळदार शिंग फुंकायचे.

म्हणजे तुमची पताका कावळ्याची नसून डोमकावळ्याची आहे. गळ्याखालची पिसं आणि जाड चोच बघा, कळेल. अर्थात आजींच्या दुःखापुढे हा फरक मोठा नाही, हे मला समजतं.

पुढच्या वर्षी, १९०८ साली, त्यांचं पुस्तक निघालं आणि त्यात संघांच्या नावांची लांबलचक यादी आली. प्रत्येक प्राण्याचे रंग आणि प्रत्येकाची हाक. त्या यादीत नाग आहे, मुंगूस आहे, कोल्हा आहे, वाघ आहे, मोर आहे. हा माणूस तरुणपणी फौजेतून हिंदुस्थानात येऊन राहिलेला होता, ते यादीत दिसतं. हाकेचा उपयोग खराखुरा होता. अंधारात, झाडीत, एकमेकांना नावाने न पुकारता आपल्या संघाला गोळा करायचं. दुसऱ्या संघाची हाक द्यायची नाही हा नियम. आणि सही करताना नावाऐवजी आपल्या प्राण्याचं डोकं काढायचं.

मी १९६८ साली दादरला, शिवाजी पार्कच्या स्काउट हॉलमध्ये कोल्हा संघाचा संघनायक होतो. समुद्रावरून वारा सुटला की मैदानाच्या पार टोकाला असलेली आमची पोरं हाकेवर धावत यायची. आज सत्तरी उलटली, पण त्या संघातले आम्ही चौघं फोनवर पहिल्यांदा कोल्ह्याचीच हाक देतो.

मीरारोडची_आई

छान धागा. वाचतेय. माझी मुलगी बुलबुलमध्ये, म्हणजे गाइडच्या छोट्या मुलींच्या विभागात आहे, तिलाही वाचून दाखवणार.

भरती_ओहोटी

खुंटागाठ सर, तुमच्या चोच्याला भेटायला इंग्लंडला जायची गरज नाही. तो दर हिवाळ्यात मुंबईला येतो.

मी गेली बारा वर्षं ठाण्याच्या खाडीवर पक्षी बघतोय. पाऊस सरता सरता कर्ल्यू उत्तरेकडून येऊन दाखल होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. शिवडी, भांडुप, ऐरोली, कुठेही ओहोटीच्या वेळी चिखलाकडे बघा. फ्लेमिंगोंच्या गुलाबी गर्दीत लोकांचं लक्ष जात नाही, पण मातकट रंगाचा, एकटाच चालणारा, चिखलात चोच डोळ्यांपर्यंत खुपसून खेकडे आणि किडे काढणारा तो हाच. ती चोच दीड वीत भरेल असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या मादीची पंधरा सेंटिमीटरच्या आसपास असते. नाव त्याच्या ओरडण्यावरूनच पडलंय: कर्-लीऽ, कर्-लीऽ. ऐकलंत की विसरणार नाही. आता त्यांची संख्या जगभर घटते आहे, म्हणून मुलांना हा पक्षी दाखवाच.

आता दंतकथा. इंग्लंडमध्ये ‘सात शिट्टीवाले’ म्हणून एक समजूत आहे. रात्री आभाळातून न दिसणाऱ्या सात पक्ष्यांच्या शिट्ट्या ऐकू आल्या की काहीतरी वाईट घडणार. हे पक्षी म्हणजे कर्ल्यू किंवा त्याचे भाऊबंद, असं बऱ्याच ठिकाणी मानत. कोळशाच्या खाणीतले मजूर तो आवाज ऐकला की त्या दिवशी खाली उतरायचे नाहीत. काही भागांत तर असं सांगत की सहा पक्षी सातव्याला शोधत फिरताहेत, आणि तो सापडला की जग संपेल.

हे वाचताना मला आपली टिटवी आठवते. तीही पाणथळीची, तीही रात्री ओरडते, आणि तिचं ओरडणंही गावाकडे अशुभ धरतात. १९०८ च्या यादीत टिटवीची इंग्लंडमधली बहीणही आहे, हिरव्या-पांढऱ्या रंगांत. पण आपल्याकडे टिटवीला दुसरी बाजू आहे. आभाळ पडलं तर झेलावं म्हणून ती पाय वर करून झोपते, हे माझी आजी सांगायची. आणि पंचतंत्रातली गोष्ट आहेच: समुद्राने अंडी गिळली, टिटवी हटली नाही, सगळे पक्षी तिच्यामागे उभे राहिले, गाऱ्हाणं गरुडापर्यंत आणि गरुडाकडून विष्णूपर्यंत गेलं, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. चोचीने समुद्र मोजू पाहणाऱ्या टिटवीची उपमा ज्ञानेश्वरांनी गीतेवर लिहायला बसताना स्वतःला दिली आहे. आठ मुलांच्या संघाला याहून मोठं नाव कुठलं?

मूळ_शोधक

चर्चा सुंदर चाललीय. एक गोष्ट मात्र मला आवर्जून सांगायची आहे, कारण शेकोटीभोवती सांगितलेलं मुलं आयुष्यभर खरं धरून चालतात.

लांडग्याबद्दल तुम्हाला हमखास एक गोष्ट ऐकवली जाईल. १८९६ च्या आफ्रिकेतल्या मटाबेले मोहिमेत तिथल्या लोकांनी बेडन-पॉवेलना ‘इम्पीसा’ म्हटलं, म्हणजे ‘कधी न झोपणारा लांडगा’. मी स्वतः ही गोष्ट शिबिरात छाती फुगवून सांगितली आहे. पुढे वाचनात आलं की त्या लोकांच्या एन्डेबेले भाषेत ‘इम्पिसी’ म्हणजे तरस. आफ्रिकेच्या त्या टोकाला लांडगे नाहीतच. नावाचा हा भारदस्त अर्थ खुद्द त्यांनीच सांगितलेला आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध ही मोहीम होती त्या लोकांची बाजू त्यात कुठेच येत नाही.

तसंच मोगलीचं. १९१६ साली लहान मुलांसाठी कब विभाग निघाला तेव्हा किपलिंगच्या जंगल बुकातली नावं घेतली. अकेला, बालू, बघीरा. त्यातले शब्द आपलेच आहेत, जागाही आपल्या शेजारची, मध्य प्रदेशातली सिवनी. पण मोगली म्हणजे बेडूक हे त्या गोष्टीपुरतंच. हे नाव आपण रचलं आणि कुठल्याही भाषेत त्याचा तो अर्थ आपल्याला माहीत नाही, असं किपलिंगनेच म्हटलंय.

अमेरिकेत हा प्रकार फार पुढे गेला. मिशिगनमध्ये शिकागोच्या स्काउटांचं ओवासिपी नावाचं शिबिर शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. तिथे सांगतात की ओवासिपी नावाच्या सरदाराचे दोन मुलगे होडीतून गेले ते परतलेच नाहीत, आणि तो नदीकाठी झाडाखाली बसून त्यांची वाट बघत मेला. गोष्ट काळजाला भिडते. पण तिथल्या अशा कितीतरी शिबिरांमध्ये पिसांची टोपी घालून, मूळ रहिवाशांच्या नावावर गोऱ्या माणसांनी रचलेल्या कथा सादर व्हायच्या, आणि ज्यांच्या नावाने हे चाले त्या लोकांना कुणी विचारलेलं नसे. अलीकडे तिथेही यावर खूप बोललं जातंय.

सर, येऊरला जाताय, तिथे आदिवासी पाडे आहेत. एखादी ‘प्राचीन आदिवासी दंतकथा’ घरी बसून रचू नका, एवढीच विनंती. गोष्ट आपण रचली असेल तर मुलांना सरळ सांगावं की आपण रचली. मुलांना तीही आवडते.

शिवाजीपार्क_६८

मूळ_शोधक, इम्पीसाची गोष्ट मीही पन्नास वर्षं सांगत आलो. आज थांबतो.

एक भर घालतो. पचमढीला आपलं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, मी तिथे दोनदा शिबिराला गेलो. गावाचं नावच पाच मढ्यांवरून. वनवासात पांडव तिथे राहिले, सगळ्यात हवेशीर गुंफा द्रौपदीची, अंधारी भीमाची, असं स्थानिक माणूस हात धरून दाखवतो. अभ्यासक सांगतात की या गुंफा बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या. जवळच जटाशंकर आहे, भस्मासुर मागे लागला तेव्हा शंकर तिथे लपले म्हणे. आमचे प्रशिक्षक दोन्ही सांगायचे, आधी गोष्ट आणि मग शोध, आणि एकाने दुसरं खोडायचे नाहीत. पहाटे त्या गुंफेत उभं राहिल्यावर मला भिक्षूही दिसले आणि भीमही.

केवड्याचं_पान

गाइडच्या बाजूनेही लिहू द्या. वीस वर्षं कंपनी, म्हणजे मुलींचं गाइड पथक, चालवली आहे, परळला.

आमच्याकडे संघांना बहुतेक फुलांची नावं. गुलाब, कमळ, मोगरा ही दरवर्षी कुणीतरी मागतंच. एका वर्षी एका मुलीने केतकी मागितलं, तिचं स्वतःचं नावही नव्हतं ते, तिला फक्त वास आवडायचा. मी घरी जाऊन विचारात पडले. केतकीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. ब्रह्मा आणि विष्णूंचा वाद लागला, शंकराच्या अग्निस्तंभाचं टोक कोण शोधतो बघू. ब्रह्मदेवाला टोक सापडलं नाही, पण त्याने सापडलं म्हणून सांगितलं आणि केतकीने खोटी साक्ष दिली. म्हणून शंकराला ती वाहत नाहीत. आणि आमचा पहिला नियम काय? गाइड विश्वसनीय असते.

मी मुलींना ही गोष्ट सांगितली आणि नाव बदलायचं का ते त्यांच्यावर सोपवलं. आठ जणींनी तासभर वाद घातला. शेवटी त्यांची संघनायिका म्हणाली, "बाई, तिने एकदा खोटं बोलून जन्माची शिक्षा भोगली. हे आमच्या इतकं कुणालाच लक्षात राहणार नाही." नाव ठेवलं. त्या संघाच्या नोंदवहीत मला कधी खाडाखोड दिसली नाही.

छोट्यांबद्दल मीरारोडच्या आईसाठी: इंग्लंडमध्ये लहान मुलींचा विभाग १९१४ ला ‘रोझबड्स’ म्हणून सुरू झाला. मुलींना नाव आवडलं नाही, मग दुसऱ्या वर्षी ‘ब्राउनी’ झालं. ब्राउनी म्हणजे रात्री कुणी बघत नसताना घरातली कामं करून जाणारी चिमुकली भुतं, तिकडच्या लोककथेतली. आपल्याकडे ती कुणाला ठाऊक असणार? भारतात आधी ब्लूबर्ड आणि मग बुलबुल झालं. बुलबुल आपल्या खिडकीत घरटं बांधतो, त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पुण्यात गाइडांचं जागतिक केंद्र आहे, १९६६ साली सुरू झालेलं, त्याचं नावही संगम. देशोदेशीच्या मुली तिथे येतात आणि तो एक मराठी-हिंदी शब्द घेऊन घरी जातात.

आता तुमच्या आजी. सर, त्यांना ज्ञानेश्वरांची विरहिणी आठवून द्या. पैलतीरावर कावळा ओरडतोय, तो पाहुणा येण्याचा शकुन सांगतोय, उडून जा, तुझे पाय सोन्याने मढवीन. आपल्या परंपरेत कावळा पिंडाजवळ आहे तसाच उंबऱ्यावरही आहे. येणाऱ्याची वर्दीही तोच देतो. पण समजावायला जाऊ नका. फक्त विचारा.

पाड्यावरची_पोर

मी आरेतल्या एका पाड्यावर राहते. बीएससीला आहे. मूळ_शोधक यांनी लिहिलं म्हणून लिहायचं धाडस करतेय.

आमच्याकडे वाघोबा आहे. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर त्याचं ठाणं, शेंदूर लावलेला, वर चंद्र-सूर्य. इथे आता पट्टेरी वाघ नाही, बिबट्या आहे, पण आमची माणसं त्यालाही वाघच म्हणतात. वाघबारशीला पूजा होते. माझी आजी सांगते तशी गोष्ट अशी: वाघोबा एका बाईच्या पोटी जन्मला. लहानपणी पोरांत खेळायचा, पण मधेच वाघ व्हायचा आणि गावाची गुरं खायचा. गाव चिडलं, मारायला निघालं. तेव्हा आई मधे पडली. ठरलं की त्याने रानात राहायचं, आणि गावाने वर्षातून एकदा त्याचं त्याला द्यायचं. तेव्हापासून तो आमचा, आणि आम्ही त्याच्या रानात.

सर, तुमच्या मुलांनी वाघ संघ ठेवला तर मला आनंद होईल. पण शेकोटीला मुखवटा लावून गुरगुरायचं आणि टाळ्या, असं नको. एकदा शाळेच्या एका सहलीने ठाण्यासमोर तसे फोटो काढले होते, आजी दोन दिवस बोलली नव्हती कुणाशी. गोष्ट हवी असेल तर मुलांना घेऊन या. आजीला विचारा. ती सांगते, तिला आवडतं सांगायला.

खुंटागाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होतो.

कर्ल्यू: मागच्या रविवारी ओहोटीची वेळ बघून भरती_ओहोटींबरोबर ऐरोलीला गेलो. अकरा मुलं आली. पहिला तास नुसता चिखल आणि मोबाइल. मग एक पक्षी आमच्यासमोर उतरला, मान वळवली आणि ओरडला. आमचा संघनायक पताका बरोबर घेऊन आला होता. त्याने ती उघडून धरली आणि पताकेकडे, मग पक्ष्याकडे, मग परत पताकेकडे बघत राहिला. परतताना लोकलमध्ये सगळे डब्यात ‘कर्-लीऽ’ करत होते. ‘सात शिट्टीवाले’ ही गोष्ट शेकोटीला तेच सांगणार. सातवा पक्षी सापडल्यावर जग संपतं की नाही, यावर संघात दोन तट पडलेत.

बैल संघाला गोष्ट शोधावी लागली नाही. त्यातल्या तिघांची गावं साताऱ्याकडची, ते बेंदराचं सगळं मलाच शिकवतात.

लांडगा बदलायचं ठरलं. जो प्राणी आणि पक्षी आपल्या भागात आहे तोच शक्यतो निवडावा, असं बेडन-पॉवेल यांनीच पुढे लिहिलेलं आहे. ते मुलांना वाचून दाखवलं. आमच्या शाळेच्या गच्चीवरून राष्ट्रीय उद्यानाची झाडी दिसते. मुलांनी वाघ मागितलाय, आणि तरसाची गोष्ट कळल्यावर जुन्या पताकेवरचा लांडगा त्यांनी फेकला नाही, घडी घालून मला परत दिला.

आजींकडे गेलो. केवड्याचं_पान, तुम्ही म्हणालात तसं फक्त विचारलं, कावळ्याचं ते गाणं येतं का. त्यांनी डोळे मिटून पूर्ण म्हटलं. त्यांचे यजमान गिरणीत होते, रात्रपाळीहून येईपर्यंत त्या हे गुणगुणत बसायच्या, असं सांगितलं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. नाव ठेवा असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्षश्राद्ध होऊ दे सर. मग बघू." कार्तिकात आहे. मी मुलांना तसंच सांगितलं, वाटल्यास दुसरं नाव घ्या म्हटलं. बाकीच्या सातजणांनी आपसात बोलून कोरी पताका लावली आहे. तोवर ‘संघ क्रमांक दोन’. हाक म्हणून ते तूर्त दोनदा टाळी वाजवतात.

पाड्यावरची_पोर, ताई, वाघ संघाची आठ मुलं आणि मी येत्या रविवारी सकाळी दहाला आलो तर चालेल का? आजींना काय आणू?

पाड्यावरची_पोर

चालेल. नारळ आणा, वाघोबाला. आजीला काही नको, फक्त मुलांना सांगा की मोठ्याने बोला, तिला एका कानाने कमी येतं. पाणी भरायची वेळ साडेनऊपर्यंत असते, त्यामुळे दहा बरोबर आहे.